दुकान रिकामं होण्याची वाट

गोळीचं नाव सहसा कुणी घेत नाही. मुलगी आत येते, ओआरएसचं पाकीट मागते, सर्दीची गोळी मागते. दुकानात दुसरं गिऱ्हाईक असलं तर पायरी उतरून मोबाइलमध्ये बघत उभी राहते. ते गेलं की परत येते आणि मोबाइल माझ्याकडे वळवते. त्यावर पाकिटाचा फोटो असतो. काही जणी तेवढंही करत नाहीत. "काकू, ती बहात्तर तासांची आहे का?" एवढंच विचारतात, तेही माझ्याकडे न बघता. काउंटरवर माझे यजमान असले तर बऱ्याच जणी सर्दीची गोळी घेऊनच परत जातात.

कराडात विद्यानगरच्या रस्त्याला आमचं मेडिकल आहे. मी इथल्याच सरकारी फार्मसी महाविद्यालयात शिकले, लग्नानंतर या काउंटरमागे उभी राहिले आणि अजून उभी आहे. विद्यानगर म्हणजे कॉलेजांची वस्ती. पाटण खोऱ्यातून, मसूर-उंब्रजकडून, ढेबेवाडीकडून मुलंमुली इथे शिकायला येतात. कुणी कॉट बेसिसवर राहतं, कुणी रोज एसटीने ये-जा करतं. गोळी मागायला येणाऱ्यांतल्या पुष्कळ जणी अठरा-एकोणीस वर्षांच्या असतात, काही त्याहून लहान. या तातडीच्या गर्भनिरोधक गोळीबद्दल घराघरांत आणि कट्ट्याकट्ट्यांवर जे बोललं जातं त्यातलं बरंच चुकीचं असतं. ते ऐकून घाबरलेल्या मुलीच शेवटी माझ्यासमोर येतात, आणि अनेकदा उशिरा येतात. म्हणून हे लिहायला बसले आहे.

माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "किती तास झाले?"

मुली गोंधळतात, कारण त्यांची तयारी वेगळ्या प्रश्नांची असते. लग्न झालंय का, कुणासाठी हवी, कुठल्या कॉलेजला आहेस, घरी माहीत आहे का. या सगळ्यांची उत्तरं त्यांनी पाठ केलेली असतात. वहिनीसाठी, मैत्रिणीसाठी, रूममेटच्या बहिणीसाठी. तासांचं उत्तर पाठ केलेलं नसतं, त्यामुळे ते खरं येतं. "परवा रात्री." "शनिवारी दुपारी." मग मी संबंध आल्यापासूनचे तास मोजते.

तासांचं एवढं का, ते नीट सांगते. या गोळीत लेव्होनॉरजेस्ट्रेल नावाचं संप्रेरक असतं, दीड मिलिग्रॅम. एकच गोळी, एकदाच घ्यायची. ती स्त्रीबीज बीजकोशातून बाहेर पडणं काही दिवस लांबवते. पुरुषाचे शुक्रजंतू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. स्त्रीबीज मात्र बाहेर पडल्यावर जेमतेम एक दिवस टिकतं. म्हणजे संबंध आले त्याच घटकेला गर्भ राहतो, ही समजूत बरोबर नाही. पुष्कळदा शुक्रजंतू आधी पोचलेले असतात आणि स्त्रीबीज यायचं असतं. मधल्या त्या अवधीत गोळी स्त्रीबीजाला थोपवून धरते. स्त्रीबीज आधीच सुटलं असेल तर गोळीच्या हातात फारसं काही राहत नाही. त्यामुळे दर तासाला मोल आहे. पाकिटावर बहात्तर तास लिहिलेले असतात, ती शेवटची मुदत. मुली त्याचा अर्थ लावतात की तीन दिवस निवांत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने केलेला एक मोठा अभ्यास १९९८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. त्यात पहिल्या २४ तासांत गोळी घेतली तर राहू शकणाऱ्या गर्भांपैकी ९५ टक्के टळले, २५ ते ४८ तासांत घेतली तर ८५ टक्के, आणि ४९ ते ७२ तासांत घेतली तर ५८ टक्के. दुकान रिकामं व्हायची वाट बघत, मैत्रिणीची वाट बघत, शंभर रुपये जमायची वाट बघत गेलेला एकेक दिवस या आकड्यांतून वजा होतो.

दुसरा प्रश्न विचारते, टीबीचं किंवा फिट्सचं औषध चालू आहे का. रिफाम्पिसिन, फिनिटॉइन, कार्बामाझेपिन यांसारख्या औषधांनी या गोळीचा जोर कमी होतो. टीबी आपल्याकडे घरोघरी आहे आणि तो पंधरा-वीस वर्षांच्या मुलींनाही होतो, पण हा प्रश्न काउंटरवर क्वचितच विचारला जातो. अशा मुलीने डॉक्टरांकडेच जायला हवं, कारण पाच दिवसांच्या आत बसवलेली कॉपर टी हा तिच्यासाठी जास्त खात्रीचा उपाय आहे. खरं तर कुणासाठीही तो सगळ्यांत खात्रीचा आहे आणि सरकारी दवाखान्यात फुकट आहे. पण अविवाहित मुलीला तो कुणी सुचवताना मी पाहिलेलं नाही.

मग सांगते की गोळी घेतल्यापासून दोन तासांत उलटी झाली तर ती वाया गेली, दुसरी घ्यायची. मळमळ, डोकं जड होणं, स्तन दुखणं, मध्येच थोडं डाग लागणं हे दोन-चार दिवस होऊ शकतं आणि आपोआप जातं. पाळी आठवडाभर अलीकडे-पलीकडे सरकू शकते. पुढे मूल होण्यावर या गोळीचा काहीही परिणाम होत नाही. हे वाक्य मी मुद्दाम दोनदा म्हणते. मुलींच्या मनातली सगळ्यांत मोठी भीती हीच असते आणि ती त्यांना कुणीतरी घातलेली असते.

सगळ्यांत घट्ट बसलेला गैरसमज म्हणजे ही गर्भपाताची गोळी आहे. तशी ती नाही. गर्भ रुजला असेल तर ही गोळी त्याला काही करत नाही, त्या गर्भाला तिच्याने इजाही होत नाही. गर्भपाताची औषधं, म्हणजे मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल, ही वेगळी आहेत. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. महाराष्ट्रात काही वर्षांपूर्वी स्त्रीभ्रूणहत्येविरुद्ध कारवाया झाल्या, अन्न व औषध प्रशासनाने त्या औषधांच्या नोंदींची कसून तपासणी केली आणि पुष्कळ दुकानदारांनी ती ठेवणंच सोडलं. कारवाईमागचा राग रास्त होता. पण त्या भीतीत ही साधी गोळीही अडकली. काही दुकानदार दोन्हींत फरक करत नाहीत. ते मुलीला म्हणतात, चिठ्ठी आण. केंद्र सरकारने २००५ सालीच लेव्होनॉरजेस्ट्रेलच्या या गोळीला चिठ्ठीच्या अटीतून मोकळं केलं आहे. त्यात वयाची अट नाही, लग्नाची नाही, ओळखपत्राची नाही. चिठ्ठी मागणारा दुकानदार कायदा पाळतोय असं मुलीला वाटतं. प्रत्यक्षात कायद्याने तिला दिलेली वाट तो बंद करत असतो, आणि तिचे तास जात असतात.

इथे मला गणपतीतली एक गोष्ट सांगायलाच हवी. गौरी-गणपतीच्या आठवडाभर आधी आमच्याकडे पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांना रांग लागते. आया मुलींना पाठवतात, आत्या येतात, सासूबाई सुनेसाठी मागतात. सगळ्यांदेखत, मोठ्या आवाजात, काही न लपवता. त्या गोळीत नॉरइथिस्टेरॉन असतं. तेही प्रोजेस्टेरॉनच्याच कुळातलं संप्रेरक, दिवसातून दोन-तीनदा आणि सलग कितीतरी दिवस घ्यायचं. ती गोळी खरं तर डॉक्टरांनी तपासून लिहून द्यायची. तिच्याबद्दल घरात कुणाला धास्ती वाटत नाही, आणि एकदाच घ्यायच्या गोळीने मुलगी वांझ होईल अशी समजूत त्याच घरात असते. शरीराला काय जड जातं याचा हिशेब इथे कुणी केलेला नाही. एक गोळी देवासाठी आहे आणि दुसरीमागे मुलीने लपवलेलं काहीतरी आहे, एवढ्यावरून एक निर्धोक ठरली आणि दुसरी विषारी.

पैशांचंही बोलते. खासगी कंपनीची गोळी आज शंभराच्या वर जाते. गावाकडून महिन्याला मोजके पैसे येणाऱ्या मुलीला ते एकदम काढणं सोपं नसतं. शिवाय ते रोख लागतात. मोबाइलवरून पैसे भरले तर खातं वडिलांच्या नंबरला जोडलेलं असतं आणि कुठल्या मेडिकलमध्ये किती गेले याचा मेसेज शेतात उभ्या असलेल्या वडिलांना जातो. म्हणून मुली मैत्रिणींकडून नोटा गोळा करून आणतात. सरकारची गोळी आहे, ती आशाताईंकडे दोन रुपयांना मिळते. पण आशाताईंच्या वहीत नावं असतात ती पात्र जोडप्यांची, म्हणजे लग्न झालेल्यांची. एकोणीस वर्षांची, लग्न न झालेली, कॉट बेसिसवर राहणारी मुलगी त्या वहीत कुठेच नसते. गावातली असली तरी ती आशाताईंकडे जाणार नाही, कारण आशाताई तिच्या आईच्या बचतगटात असते.

मुलगेही येतात, खूप येतात. हेल्मेट न काढता येतात, गाडी चालू ठेवून येतात, नाव घेतात, पैसे टाकतात आणि जातात. काही जण दोन पाकिटं मागतात, एक पुढच्या वेळेला. गोळी मुलीपर्यंत पोचते, पण मी सांगितलेलं काहीच पोचत नाही. म्हणून मी पाकीट लगेच हातात देत नाही. गाडी बंद कर म्हणते, तिला फोन लाव म्हणते. काही लावतात आणि ती मुलगी पलीकडून सगळं ऐकून घेते, एखादा प्रश्नही विचारते. जे लावत नाहीत त्यांनाही मी सांगते की ही गोळी घेतल्यानंतर पुढचे संबंध सुरक्षित होत नाहीत, उलट स्त्रीबीज पुढे ढकलल्यामुळे त्याच महिन्यात धोका शिल्लक असतो. ही गोळी अडचणीच्या वेळेची आहे. दर आठवड्याला घेतली तर जिवाला धोका नाही, पण पाळीचं सगळं वेळापत्रक विस्कटतं आणि नेहमीच्या साधनाइतकी खात्रीही मिळत नाही. एचआयव्ही किंवा दुसऱ्या लागणीपासून तर ती मुळीच वाचवत नाही. त्यासाठी निरोध हवा. तो मी पाकिटासोबत काउंटरवर ठेवते. मुलीच्या पोटात गोळी घालण्याआधी मुलाने वापरायचं साधन असतं, हे त्याला कुणीतरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवं. कॉलेजात ते सांगितलं जात नाही, घरी तर नाहीच.

दिवाळीनंतर आमच्या भागाचं रूप बदलतं. सह्याद्री, कृष्णा असे कारखाने सुरू होतात आणि बीडकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरतात. रस्त्याच्या कडेला, कारखान्याच्या तळावर कोप्या पडतात. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल मिळते ती या कोयत्यावर. एकट्या पोराला अर्धा कोयता धरतात आणि उचलही तशीच मिळते. त्यामुळे हंगामाच्या तोंडावर लग्नं उरकली जातात आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुली डोक्यावर मोळ्या वाहायला फडात येतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वर्षांच्या बायकांपैकी सुमारे २२ टक्के बायकांचं लग्न अठरा पुरं होण्याआधी झालेलं आढळलं. किशोरवयीन मुलींच्या संततिनियमनाचा विषय निघाला की लोकांच्या डोळ्यांसमोर जीन्स घातलेली कॉलेजातली मुलगी येते. माझ्या डोळ्यांसमोर या मुली येतात. कडेवर सहा महिन्यांचं मूल, पायात नवऱ्याच्या चपला.

त्यांच्यातली एक उसाच्या ट्रॅक्टरमधून उतरून नवऱ्याबरोबर आली होती. खोकल्याचं औषध घेतलं आणि नवरा पाणी प्यायला बाजूला गेला तेव्हा म्हणाली, "ताई, परत दिवस राहिले तर उचल कशी फिटायची?" तिला त्या गोळीचं नाव माहीत नव्हतं. अशी काही गोळी असते हेही माहीत नव्हतं. तास विचारले, तर आदल्या रात्रीचं होतं. अंगावर पाजणाऱ्या आईलाही ही गोळी चालते. मी तिथेच पाणी दिलं, तिने तिथेच घेतली. मग नवऱ्यालाही बोलावून दोघांना सांगितलं की दर वेळी हे करायचं नाही. सरकारी दवाखान्यात 'अंतरा' नावाचं तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन फुकट मिळतं, 'छाया' नावाच्या गोळ्या मिळतात, डॉक्टर तपासून काय योग्य ते सांगतील. त्याने ऐकून घेतलं. पण फडात पहाटे तीन-चारला निघायचं आणि अंधार पडल्यावर परतायचं, दवाखान्याच्या वेळा त्यांच्या हातात नसतात. त्यांची आशाताई बीडकडच्या गावात असते, त्यांचं नावही तिथल्याच वहीत असतं. सहा महिने या मुली इथल्या कुठल्याच वहीत नसतात.

दवाखान्याचं दार त्यांना आणखी एका कारणाने जड वाटतं, आणि तेच कारण सतरा वर्षांच्या कॉलेजकन्यकेलाही लागू आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या कुणाहीशी संबंध हा गुन्हा आहे, दोघांच्या मर्जीने असला तरी, दोघंही सतरा वर्षांचे असले तरी. त्याची माहिती कळलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना किंवा बालकांसाठीच्या पोलीस पथकाला द्यायची, न दिल्यास शिक्षा आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पत्नी अठराच्या आतली असेल तर नवऱ्याचेही संबंध बलात्कारच ठरतात. लहान मुलींना ओरबाडणाऱ्यांविरुद्ध हा कायदा हवाच होता, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण डॉक्टरांकडे गेलं तर पोलिसांत जाईल, एवढंच मुलींपर्यंत पोचलं आहे. त्यामुळे सोळा-सतरा वर्षांची मुलगी डॉक्टरांकडे जातच नाही. मग यूट्यूबवर बघून कच्ची पपई खाते, तीळ-गुळाचा काढा पिते, कुणाच्या तरी हातून कसलीतरी औषधं मागवते. पाळी चुकल्यावर दोन-दोन महिने गप्प बसते. अठरा वर्षांखालच्या मुलीच्या गर्भपाताला पालकाची लेखी संमती लागते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की मुलीने आणि पालकाने विनंती केली तर डॉक्टरांनी पॉक्सोखाली माहिती देताना तिचं नाव उघड करण्याची गरज नाही. ही गोष्ट कितीजणींना ठाऊक आहे? डॉक्टरांना तरी कितीजणांना?

कायद्यातल्या "प्रत्येका"त मीही येते, हे मी विसरत नाही. काउंटरवर आलेल्या मुलीचं वय आणि तिच्याबाबत काय घडलं, हे मला बहुतेक वेळा ठाऊक नसतं. गोळी देण्यासाठी ते विचारायची गरज नसते. पण शाळेच्या गणवेशातली पोर येते आणि रस्त्यापलीकडे तिच्या दुप्पट वयाचा माणूस गाडीवर बसून आमच्याकडे बघत असतो, तेव्हा गोष्ट वेगळी असते. तेव्हा आधी गोळी देते, कारण तास थांबत नाहीत. मग तिला आतल्या खोलीत बसवते आणि १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकाला तिच्यासमोर फोन लावते. ती रडते, नको म्हणते. तिला रडू देते, पण फोन ठेवत नाही.

जिच्यावर अत्याचार झाला आहे अशा मुलीबद्दल पॉक्सोचे नियम अगदी स्वच्छ आहेत. डॉक्टरांनी तातडीने उपचार करायचे, जखमांवर, लागणीवर, आणि वयात आलेल्या मुलीशी व तिच्या विश्वासातल्या मोठ्या माणसाशी गर्भ राहण्याची शक्यता आणि ही तातडीची गोळी याविषयी बोलायचं. त्यासाठी पोलिसांचा कागद आधी मागायचा नाही. आणि तरी एका आईने मला सांगितलं होतं की एका दवाखान्यात त्यांना आधी तक्रार नोंदवून या म्हणून परत पाठवलं. पोलीस ठाण्यात संध्याकाळ झाली, रात्र झाली. मुलीचं वय चौदा होतं. मी दवाखान्याचं नाव लिहीत नाही. हा नियम मात्र प्रत्येक आईला, प्रत्येक शिक्षिकेला पाठ असायला हवा. कागद मागितला तर खुशाल सांगा की नियम तसा नाही, आणि उपचार करून घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

शाळेत हे काहीच येत नाही असं नाही. दहावीच्या विज्ञानात पुनरुत्पादनाचा धडा आहे, आकृतीला नावं देता येतात, परीक्षेत गुण मिळतात. पण बाई तो धडा घरी वाचायला सांगतात. २००७ साली राज्य सरकारने शाळांतल्या लैंगिक शिक्षणावर बंदीच घातली होती, त्या धाकातून शिक्षक अजून बाहेर आलेले नाहीत. हे त्या राज्यात, जिथे रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं. त्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं, प्राध्यापकी गमावली, खटले सोसले, आणि १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर कोर्टात उभे राहिले. शरीराबद्दल मराठीत उघडपणे आणि सभ्यपणे बोलायचं कसं, हे कर्व्यांनी आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात दाखवून दिलं आहे. आपल्याला नव्याने काही शोधायचं नाही.

कंपन्यांनी टीव्हीवर नाव मात्र पोचवलं. २००७ मध्ये सिप्लाने आय-पिल आणली, तेव्हापासून जाहिरातींनी पोरापोरींना नाव शिकवलं. ती कशी चालते, कधी चालत नाही, पुढे काय करायचं हे शिकवलं नाही. पाकिटातलं माहितीपत्रक मुंगीएवढ्या अक्षरांत असतं. मुली ते वाचतही नाहीत. पाकीट दुकानाबाहेरच्या डब्यात टाकतात आणि गोळी तेवढी पर्समध्ये ठेवतात, घरी सापडू नये म्हणून.

म्हणून मी एक करते. पाळीची शेवटची तारीख विचारते आणि एका कोऱ्या चिठ्ठीवर दोन तारखा लिहून देते. पहिली, पाळी येण्याची; दुसरी, त्यानंतर सात दिवसांची. नाव नाही, गोळीचं नाव नाही, दुकानाचा शिक्का नाही. ती चिठ्ठी कुणाच्या हाती पडली तरी काही कळणार नाही. दुसऱ्या तारखेपर्यंत पाळी आली नाही तर सकाळच्या पहिल्या लघवीवर तपासणी करायची. तपासणीचं किट आमच्याकडे मिळतं, आणि 'निश्चय' नावाचं सरकारी किट आशाताईंकडे फुकट असतं. पाळी आली, पण नेहमीपेक्षा फारच कमी आली, तरी तपासायचं. ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखलं तर थांबायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. आणि तपासणीत दिवस गेलेले निघाले तर लपवून ठेवायचं नाही, कारण लवकर कळलं तर सगळं सोपं आणि सुरक्षित असतं. अठरा पूर्ण झालेल्या मुलीला गर्भपातासाठी कुणाचीही संमती लागत नाही, आईची नाही, नवऱ्याची नाही, मित्राची नाही, फक्त तिची स्वतःची. २०२१ च्या दुरुस्तीने कायद्यातला "विवाहित स्त्री किंवा तिचा पती" हा उल्लेख जाऊन "स्त्री किंवा तिचा जोडीदार" असा आला. म्हणजे साधन फसल्याचं कारण आता अविवाहित मुलीलाही देता येतं. हे सगळं सांगायला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं तर मी मुलीला काउंटरच्या आतल्या बाजूला घेते आणि त्यांना थांबा म्हणते. लोक थांबतात. औषधविक्रेत्यांच्या प्रशिक्षणात साठ्याच्या नोंदी, बिलं, शीतसाखळी सगळं शिकवतात. गिऱ्हाईक मुलीशी खालच्या आवाजात कसं बोलावं हेही शिकवायला हवं.

दुकान हे खरं तर या मुलींचं पहिलं दार असायला नको. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ साली सुरू झाला, दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी. महाराष्ट्रात त्यातल्या सल्ला केंद्रांना 'मैत्री' क्लिनिक म्हणतात. नाव ऐकून मला बरं वाटलं होतं. पण काउंटरवर आलेल्या मुलींना मी विचारते, मैत्री क्लिनिक ऐकलंयस का? माना हलतात, नाही म्हणून. ती केंद्रं सरकारी दवाखान्यांत आणि सरकारी वेळेत चालतात, म्हणजे मुलगी कॉलेजात किंवा फडात असते तेव्हा. केसपेपरवर नाव, वय, पत्ता लिहून घेतात, आणि रांगेत गावातलं कुणीतरी उभं असतंच. त्या क्लिनिकची वेळ संध्याकाळची करा, दार वेगळं करा, तिथे बोलायला मुलींना ओळखणारी नव्हे, मुलींना समजून घेणारी बाई बसवा. पत्ता कॉलेजच्या फलकावर लावा, कारखान्याच्या तळावरही लावा. आमच्या दुकानात दर्शनी भागात लावायला मी तयार आहे. दोन रुपयांची ती सरकारी गोळी तिथे लग्नाची चौकशी न करता आणि दोन शब्द नीट सांगून मिळायला लागली, तर माझ्याकडचा या गोळीचा खप निम्म्यावर येईल, आणि मला त्याचा आनंदच होईल.